ओंजळ कोणाची, पाणी कोणाचे?

आमच्या मंडळाच्या गेल्या बैठकीत एका विद्वान सदस्यांनी कॅथलिक उपासनेतील हस्तप्रक्षालनाची यथेच्छ टिंगल केली. पिलाताने येशूला मृत्युदंडासाठी सोपविताना हात धुतले, आणि त्याच येशूचे धर्मगुरू दर मिस्साला वेदीपाशी हात धुतात. याहून मोठी विसंगती कोणती, असा त्यांचा सवाल होता. टाळ्या पडल्या. आम्ही त्यांत सामील झालो नाही. का, ते येथे मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

या दोन कृतींत पाणी तेवढे समान आहे. पिलात हात धुतो तो आपला या रक्ताशी संबंध नाही हे जाहीर करण्यासाठी. धर्मगुरू भाकर व द्राक्षरस वेदीवर मांडून झाल्यावर हात धुतो आणि मनातल्या मनात स्वतःचे दोष धुऊन निघावेत अशी विनवणी करतो. एक जबाबदारी झटकतो, दुसरा पत्करतो. सरकारी नोकरीत हयात गेल्यामुळे पहिला प्रकार आम्हांस तोंडपाठ आहे. 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' असा शेरा मारून फाईल वरच्या टेबलाकडे सरकविणे हेच आमचे हस्तप्रक्षालन! तेव्हा ते आम्हांस खटकलेही नाही.

जुन्या विधीपुरता आक्षेपात थोडा अंश आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १५७० च्या प्रार्थनाग्रंथात या वेळी जे स्तोत्र म्हणत, त्याचा आरंभ निष्पापांमध्ये हात धुण्याच्या भाषेने होई. 'लवाबो', म्हणजे 'मी धुईन', या त्यातील पहिल्या लॅटिन शब्दावरूनच विधीला नाव पडले. धूत तीही केवळ अंगठा व तर्जनी यांची टोके. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७० साली आलेल्या ग्रंथात ते स्तोत्र गळले आणि ५१ व्या, पश्चात्तापाच्या स्तोत्रातील याचना आली. निष्पापपणाचा दावा गेला, कबुली आली. टीका करणाऱ्याने निदान एवढा फरक पाहावयास हवा होता.

परंतु खरा मुद्दा आपल्याच मातीतला आहे. बाराव्या शतकात ज्या कल्याणात शरणांनी जातिभेदाला आव्हान दिले, ते आज बिदर जिल्ह्यातच आहे. महाडच्या तळ्याचे पाणी १९२७ साली पेटले, तेही आपल्या भाषेच्या मुलखात. तरीही दौऱ्यावर असताना खेड्यापाड्यांत आम्ही काय पाहिले? हॉटेलात वेगळ्या कपबश्या. आणि तहानलेल्या माणसाने ओंजळ पुढे करावी, दुसऱ्याने वरून, भांडे न लागेल अशा बेताने, धार सोडावी. ओतणारा वरचा, ओंजळ खालच्याची.

आता गुलबर्गा धर्मप्रांतातले, म्हणजे २००५ साली बिदर, कलबुर्गी आदी भागांसाठी स्थापन झालेल्या प्रांतातले, एखादे चर्च पाहा. पूर्वी अस्पृश्य गणल्या गेलेल्या घरांतून आलेली ख्रिस्ती कुटुंबे या भागात पुष्कळ. त्यांतल्याच एखाद्या घरचा पोर वेदीसेवक म्हणून तांब्या घेऊन उभा राहतो. झगा घातलेला धर्मगुरू त्याच्यापुढे हात धरतो आणि पोर पाणी घालतो. चर्चमधूनही जात गेलेली नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच, घाईपोटी हा अर्ध्या मिनिटाचा विधी गाळणाऱ्या पुरोहितांवर आमचा राग टिंगलखोरांहून अधिक आहे. रोमला त्यात काय दिसते ते रोम जाणे. आमच्या मुलखात त्या धारेचा अर्थ वेगळा आहे.

सदर सदस्यांनी एका रविवारी आमच्यासोबत यावे. पुढच्या बाकावर बसू, म्हणजे नीट दिसेल.