मिरचीचं रोप आजारी आहे? बाटली विकण्याआधी पान बघा



कुंड्या, माती, रोपं, गच्चीवरच्या बागेचं सामान, याचं छोटं दुकान टाकायचं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आहे. धंदा चांगला आहे. पण माझं स्पष्ट मत ऐका: या धंद्यात तुमची परीक्षा गुलाबावर होत नाही, मिरचीवर होते. वीस-तीस रुपयांचं रोप गिऱ्हाईक हौसेनं नेतं आणि महिनाभरात मोबाईलमध्ये फोटो घेऊन परत येतं. "दादा, पानं गोळा व्हायला लागली, काही औषध द्या ना."

इथं बरेच दुकानदार मागं वळतात आणि एक बाटली काढून देतात. माझं म्हणणं आहे, देऊ नका. आधी पान बघा.

पान काय सांगतं?

पानाच्या कडा वर वळून नावेसारखा आकार झाला असेल, तर बहुतेक वेळा फुलकिडे असतात, म्हणजे थ्रिप्स. पान खाली वळलं, अरुंद आणि लांबट झालं, तर कोळी. लोक दोन्हीला चुरडा-मुरडाच म्हणतात. पण कोळी हा कीटक नाही, त्यामुळे बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालतच नाहीत. गिऱ्हाइकाचे पैसे गेले, झाडही गेलं आणि नाव तुमचं खराब.

तिसरा प्रकार म्हणजे झाड खुजं राहतं, पानं बारीक होऊन गुच्छ होतो. हा पांढऱ्या माशीनं पसरवलेला विषाणू. त्यावर कुठल्याच बाटलीत इलाज नाही. झाड उपटून टाका म्हणून सांगा, शेजारच्या कुंड्या तरी वाचतील.

आणि फुलं गळतात त्याचं काय? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४० च्या वर असतो. ३५ अंशांच्या पुढंच मिरची फुलं गाळायला लागते. तिथं टॉनिक नको, ग्रीन नेटची सावली हवी. झाड हिरवंगार आहे पण फूलच नाही, तर युरिया जास्त झालाय. खालची पानं पिवळी आणि कुंडी कायम ओली, तर शेतातली नुसती काळी माती भरलेली आहे. ती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. तिच्यात कंपोस्ट आणि रेती किंवा कोकोपीट मिसळायला सांगा, कुंडीच्या खालचं भोक मोकळं आहे का ते विचारा.

म्हणजे बघा, अर्ध्या तक्रारी तर किडीच्या नसतातच.

बाटलीचा मोह का टाळायचा?

आपण यवतमाळ जिल्ह्यात बसलो आहोत. २०१७ मध्ये इथं फवारणीतून विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. तेही उघड्या शेतात. गच्चीवर तर बाजूला कपडे वाळत असतात, लेकरं खेळत असतात. आणि घरची मिरची आपण रोज तोडतो, थेट फोडणीत टाकतो. फवारणीनंतर किती दिवस तोडायची नाही, हे शेताच्या औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं. दोन कुंड्यांसाठी ते कोण पाळतं?

दुसरं, कायदा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि शेतीची कीटकनाशकं विकायला परवाना लागतो. मोठ्या डब्यातलं औषध छोट्या बाटलीत भरून "घरगुती" म्हणून विकणं तर सरळ गुन्हा आहे. पन्नास रुपयांच्या नफ्यासाठी दुकान पणाला लावू नका.

मग गल्ला कसा भरणार?

हा प्रश्न रास्त आहे. बाटलीवर पैसा लगेच दिसतो, सल्ल्यावर दिसत नाही. पण हिशेब वर्षाचा करा. थ्रिप्ससाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे विका. ग्रीन नेट, कंपोस्ट, निंबोळी पेंड, हातपंप, भिंग विका. कडुनिंब तर आपल्याकडं दारोदारी आहे. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी गाळून एक लिटर अर्क करायचा आणि संध्याकाळी पानाच्या खालून फवारायचा, हे फुकट सांगा. ज्याची मिरची वाचली, तो वांगी-टमाट्याची रोपं न्यायला तुमच्याकडंच येतो. सोबत शेजारणीलाही आणतो.

आणि कधी कधी "नको" म्हणा. मार्चमध्ये कोणी ढोबळी मिरचीचं रोप मागितलं, तर सांगा, "ताई, आता उन्हाळ्यात टिकायची नाही, ऑक्टोबरात या." आजची विक्री गेली, पण ऑक्टोबरचं गिऱ्हाईक पक्कं झालं.

या आठवड्याचं काम

दुकान टाकायच्या आधी मिरचीच्या पाच कुंड्या घरी लावा. एक भिंग घ्या, रोज पानाची खालची बाजू बघा, वहीत लिहा. कळलं नाही तर पान घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा, विचारायला लाजू नका. बाटल्या विकणारी दुकानं बाजारात भरपूर आहेत. पान वाचणारं एखादंच असतं. ते तुमचं असू द्या.