एका दमात फिरणारी गाडी

रायपूरच्या सदर बाजारात संध्याकाळच्या गर्दीत गाडी उलट दिशेला फिरवायची म्हणजे चालवणाऱ्याच्या संयमाची परीक्षाच. १९८३ साली आलेली मारुती ८०० या परीक्षेत सहसा नापास होत नसे. तिची वळणत्रिज्या होती अवघी ४.४ मीटर. चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ साली बाजारात आली. दिसायला ती गाडीही छोटीच, पण तिची त्रिज्या ४.९७ मीटर. पूर्ण वर्तुळात हा फरक एक मीटरहून जास्त होतो. तेवढ्यासाठी गाडी एकदा मागे घ्यावी लागते आणि मागच्या स्कूटरवाल्यांचे चार शब्द ऐकून घ्यावे लागतात.

घरातल्या चिरंजीवांना मात्र या वळणाची काळजी वेगळ्याच कारणाने असते. मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडायचे, त्यांच्यामधून घड्याळ लावून गाडी वळवत न्यायची आणि शंकूला धक्का लागला की वेळेत दंड, असा हा खेळ. वेग फारसा नसतो. बहुतेक वेळ गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. इंग्लंड-आयर्लंडमध्ये याला ऑटोटेस्ट म्हणतात. १९६४ साली छोट्याशा मिनी कूपरमधून माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या पॅडी हॉपकर्कचा हात अशाच चाचण्यांत तयार झाला होता. जपानमध्ये या खेळाचे नाव आहे जिमखाना! शब्द आपल्याकडचा. आपण त्याचा संबंध क्रिकेट आणि पत्त्यांशी लावला, जपान्यांनी मोटारीशी.

या खेळात गाडीची ताकद फारशी कामाला येत नाही. शंकूभोवती गाडी एका दमात फिरली नाही तर दीडशे अश्वशक्ती असूनही मागचा गिअर टाकावाच लागतो. म्हणून तरुण मंडळी गॅरेजमध्ये जाऊन विचारतात, "हिचे स्टिअरिंग आणखी फिरेल का?"

फिरेल, पण किती, हे आधी समजून घ्यावे. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर पोलोत सुमारे २.४७ मीटर आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक साधारण ३० अंशांत वळते. ते ३१ अंशांपर्यंत नेले तर त्रिज्या १४-१५ सेंटिमीटरने घटते, म्हणजे पूर्ण वर्तुळात जेमतेम एक फूट वाचतो. आतले चाक नेहमीच बाहेरच्यापेक्षा जास्त वळते, कारण त्याला लहान वर्तुळात फिरायचे असते. ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. म्युनिचच्या लांकेनस्परगर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने ती काढली आणि १८१८ साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले ते आकरमान या पुस्तकविक्रेत्याने. नाव अर्थातच पुस्तकविक्रेत्याचे झाले!

लंडनची जुनी काळी टॅक्सी सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात फिरत असे. तिला ते जमे, कारण तिचे इंजिन मागची चाके ओढायचे. पुढच्या चाकांना फक्त वळायचे काम होते. आपल्या छोट्या गाड्यांत पुढचीच चाके ओढतात आणि तीच वळतात. त्यांना फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, ज्याला मेकॅनिक सीव्ही जॉइंट म्हणतात, एका मर्यादेपलीकडे वाकत नाही. शिवाय टायर रुंद असेल तर तो मडगार्डच्या आतल्या अस्तराला किंवा चेसिसला घासतो. म्हणून कारखान्यातच स्टिअरिंगच्या रॅकची धाव रोखलेली असते. बऱ्याच गाड्यांत यासाठी रॅकच्या टोकाला, रबरी बूटाच्या आत, एक जाड वॉशर असतो. तो काढून पातळ घातला आणि रॅक दोन-अडीच मिलिमीटर जास्त सरकला, तर चाक साधारण एक अंश जास्त वळते.

ऐकायला सोपे वाटते, पण धोका इथेच आहे. जास्त वळलेल्या स्थितीत जोर दिला तर सीव्ही जॉइंट कट-कट वाजू लागतो आणि एखाद्या दिवशी तुटतो. ब्रेकची नळी ताणली जाते. सर्वांत वाईट म्हणजे रॅक फारच पुढे गेला तर टाय रॉड आणि चाकाचा आर्म एका रेषेत येतात. मग चाक तिथेच अडकते, स्टिअरिंग परत येत नाही. हे मैदानावर झाले तर शंकू पडेल. घडी चौकात झाले तर काय होईल, हे सांगायला नको. त्यातून मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. रोजच्या वापरातल्या गाडीचे वॉशर काढू नयेत, हेच बरे.

मग करायचे काय? आधी मोजायचे. रिकाम्या जागी स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून सावकाश एक फेरी मारावी, बाहेरच्या चाकाची वाट खडूने आखावी आणि टेपने व्यास घ्यावा. मग दुसऱ्या बाजूने तसेच. दोन्ही आकडे पुष्कळदा वेगळे येतात. अलाइनमेंट करणाऱ्याने एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून काम उरकलेले असते! रॅक मधोमध आणून दोन्ही बाजू सारख्या केल्या की कमी वळणारी बाजू सुधारते, तेही कंपनीच्या मर्यादेत राहून. हौसेने घातलेले रुंद टायर आणि चाक बाहेर काढणारे स्पेसर उतरवून मूळ मापाचे बसवले, तर घासणे थांबते.

उरलेले काम हँडब्रेकचे. शंकूजवळ स्टिअरिंग फिरवून, क्लच दाबून, हँडब्रेक क्षणभर ओढला की मागची चाके घसरतात आणि गाडी जागच्या जागी फिरते. चांगले चालवणारे याच्या जोरावर वॉशरवाल्याला सहज मागे टाकतात. छत्तीसगडमध्ये जिला भाटा जमीन म्हणतात, त्या लालसर, खडेमिश्रित मुरमावर हे लवकर साधते. डांबरावर टायर झिजतो आणि हात दुखतो. बटणाचा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर मात्र हा नाद सोडावा. आणि सराव व्हायला हवा तो मैदान रीतसर घेऊन, हेल्मेट घालून, माहितगार क्लबच्या देखरेखीखाली. नवा रायपूरचे रुंद रस्ते रात्री कितीही रिकामे दिसले तरी ते रस्तेच आहेत.

मागचे टायर घसरावेत म्हणून काही जण त्यांत थोडी जास्त हवा भरतात. टायरवर छापलेल्या मर्यादेपलीकडे ती जाऊ देऊ नये आणि मैदानातून निघण्यापूर्वी हवा मोजून पुन्हा घरच्या प्रमाणावर आणावी. सोमवारी सकाळी त्याच गाडीतून आजींना दवाखान्यात जायचे असते.