गोड, पण वाटीभर

सिंगापूरच्या प्रवासात एका मिष्टान्नगृहात ‘थोंग सुई’ची ओळख झाली. कँटोनीज भाषेत या शब्दांचा अर्थ ‘साखरपाणी’. पुढ्यात आले ते मात्र संत्र्याची सुकी साल घालून शिजवलेल्या बारीक लाल कडधान्याचे, बेताच्या गोडीचे कढण. हिरव्या मुगाचे असेच कढण चिनी घरांत उन्हाळ्यात थंडाव्यासाठी पितात.

आपल्याला हे परके वाटू नये. हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस यांचे मणगणे हे त्याचेच भावंड. पण ते राहिले सणापुरते. बेळगावहून चोर्ल्याच्या वाटेने गोव्याकडे निघालेल्या कुटुंबांतील मुलांच्या हाती शीतपेयाची बाटलीच दिसते. ३०० मिलिलिटर शीतपेयात साधारण ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार अशा साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी मिळावेत. पाच वर्षांच्या मुलाचा दिवसाचा वाटा एका बाटलीतच जवळजवळ संपतो.

गूळ हे औषध नव्हे. तीही साखरच, आणि दोन वर्षांखालील बाळाला तोही नको. परंतु डाळीबरोबर प्रथिने व तंतू येतात, पोट भरते आणि वाटी संपली की गोडही संपते. मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीत, एखाद्या हॉटेलाने कमी गुळाचे गरम मणगणे वाटीने विकावे, आणि आपण डॉक्टरांनी मुलांसह थांबून ते आवर्जून मागावे. ‘गोड खाऊ नका’ यापेक्षा ‘हे खा, एवढेच खा’ हा सल्ला पालकांना अधिक पाळता येतो.