टेंभली ते राईनपाडा

दिवाळीत गावी गेलो की हा वाद एकदा तरी होतोच. यंदा पहूरच्या बसस्टँडजवळ चहा पिताना झाला. नाना म्हणाले, "काय आहे भो आपल्या मोबाइलमध्ये? केळीचा भाव, नातवाचे फोटो, गुड मॉर्निंग. सरकारला वाचायचं तर वाचू दे." टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो, कारण याचं उत्तर एका चहात संपणारं नव्हतं. पुण्याला परतताना मात्र ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर तेच डोक्यात होतं.

नाना, उत्तर लांबलचक आहे, पण ते द्यायला खानदेशाबाहेर फारसं जावं लागत नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याकडेच दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला. २९ सप्टेंबर २०१० रोजी मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले, रंजना सोनवणे यांच्या हातात कार्ड पडलं आणि देशभर फोटो छापून आले. त्यानंतरही अधूनमधून पत्रकार टेंभलीला जातात आणि गरिबी होती तिथेच असल्याची बातमी करून परततात. तेव्हा सांगितलं होतं की हे ऐच्छिक आहे, ज्याला ओळख नाही त्याला ओळख मिळावी म्हणून आहे. आज रेशन, पेन्शन, पीकविमा, लाडकी बहीण, यातलं काहीही आधारशिवाय घेऊन दाखवा.

पण वादात समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घ्यावा, नाहीतर ती नुसती भाषणबाजी होते. तो मुद्दाही खानदेशातलाच आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत आठवडे बाजारात आले होते. घर मंगळवेढ्याकडे, पोट भरायला साक्रीत. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा त्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर होती. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि ठार मारलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवरही ती अफवा येऊन गेली होती आणि आमच्यापैकी कुणीही 'हे खोटं आहे' असं लिहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. सरकारला त्याहून जास्त हवं होतं. फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत ते आलं: पन्नास लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीने, आदेश आल्यास, निरोप सर्वात आधी कुणी पाठवला ते सांगितलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलाने कोर्टात सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही इथून जाऊ. व्हॉट्सअ‍ॅपचं मला प्रेम नाही. ती जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीची मालमत्ता आहे आणि आपण कुणाशी, कधी, किती वेळा बोलतो हे तिला पुरेपूर माहीत असतं. या एका मुद्द्यावर मात्र ती बरोबर आहे.

का, ते सांगतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणजे निरोपाचं कुलूप पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये लागतं आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतं. मधल्या सर्व्हरकडे किल्लीच नसते. आता 'पहिला कोण' हे उद्या सांगायचं असेल तर आज काय करावं लागेल? उद्या कोणत्या निरोपाबद्दल विचारणा होईल हे आज माहीत नाही. म्हणून प्रत्येक माणसाच्या प्रत्येक निरोपाचा ठसा काढून, नावासकट जपून ठेवावा लागेल. एका गुन्हेगारासाठी अख्ख्या देशाचे अंगठे. एवढं करूनही तो ठसा फसवायला काय लागतं? एक अक्षर बदला, एक टिंब टाका, स्क्रीनशॉट काढून पाठवा. ठसा नवा, 'पहिला' माणूसही नवा.

त्या काळात देशभर फिरलेला मूल पळवण्याचा तो व्हिडिओ आठवतोय? मोटरसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. तो कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. शेवटी मूल परत आणून सोडतात, तेवढा भाग कापलेला. नियम म्हणतो, मूळ पाठवणारा परदेशात असेल तर भारतातला पहिला तोच मूळ मानावा. म्हणजे कराचीचा व्हिडिओ कापणारा सुटला, आणि घाबरून 'पोरांना जपा' म्हणत ग्रुपवर टाकणारा कुणीतरी नाना सापडला. तो नाना दोषी नाही असं मी म्हणत नाही. तो खुनी नाही, एवढंच म्हणतो.

आणि राईनपाड्याच्या आरोपींपर्यंत पोलीस कसे पोचले? मारहाणीचे व्हिडिओ लोकांनी स्वतःच काढले होते आणि मिरवत पाठवले होते. तपासाला त्यांचाच उपयोग झाला. एन्क्रिप्शन कुठेही आडवं आलं नाही. आडवं आलं ते हे की पाच माणसं फाटक्या कपड्यांत, झोळी घेऊन आली होती, आणि परक्या भटक्याबद्दल आपल्या मनात काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्याचा ठसा कोणत्या सर्व्हरवर काढणार?

भटक्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जातो. 'प्रामाणिक माणसाला नोंदीची भीती कसली' हा युक्तिवाद महाराष्ट्रात एकदा पूर्ण ताकदीने वापरून झालेला आहे. १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट. पारध्यांसारख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी, १९११ च्या सुधारित कायद्यात बोटांचे ठसे. सोलापूरची सेटलमेंट त्यातूनच उभी राहिली, काटेरी तारेच्या आत. स्वातंत्र्य आल्यावरही त्या माणसांना पाच वर्षं थांबावं लागलं. कायदा गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. आजही कुठे चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर गाडी जाते. नोंदवही फाडली तरी नोंद राहते, हे त्यांना विचारा.

आता 'सरकार' या शब्दाकडे येऊ. नाना सरकार म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दिल्ली असते. दिल्लीला पहूरच्या केळीच्या भावात रस नाही, हे खरंच. पण गावात सरकारला आडनाव असतं. ते कुणाचा तरी मेहुणा असतं, ग्रामपंचायतीला कुणाच्या तरी विरोधात उभं राहिलेलं असतं. तुमच्या फोनमध्ये भावकीतल्या वाटणीची भांडणं आहेत, सावकाराचं देणं आहे, मुलीच्या स्थळाची बोलणी आहेत, जळगावच्या डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्यांचा फोटो आहे. यातलं काहीच बेकायदा नाही. चारचौघांत सांगण्यासारखंही काही नाही.

फोन ऐकायचे नियम आहेत ना, असं कुणी म्हणेल. आहेत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएलच्या खटल्यात ते घालून दिले. आदेश गृहसचिव काढणार, आणि तो बरोबर आहे का हे दुसरे सचिव तपासणार. न्यायाधीश कुठेच नाही. केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश काढतं, असं माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं होतं. न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात त्याचा हिशेब मांडला: दोन महिन्यांनी भरणाऱ्या आढावा समितीपुढे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश. मी दिवसाला दहा कोड रिव्ह्यू केले तरी संध्याकाळी नुसतं 'ओके' लिहायला लागतो.

यात कोण अडकतं? आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे. २०१९ मध्ये, ते भाजपमध्येच असताना, राज्यात भाजपचंच सरकार असताना, त्यांचा फोन ऐकला गेल्याचा आरोप आहे. खरी नावं न लिहिता, समाजविघातक लोकांचे नंबर म्हणून परवानगी घेतली, असं म्हटलं गेलं. संजय राऊतांचंही तेच. नाना पटोलेंनी तर विधानसभेत सांगितलं की आपला फोन 'अमजद खान' नावाने टॅप झाला. २०२२ मध्ये सरकार वेगळं होतं, गुन्हे दाखल झाले. मग सरकार बदललं. कुलाब्याच्या प्रकरणात खटला चालवायला परवानगी मिळाली नाही, पुण्यातलं प्रकरण पोलिसांनीच बंद करायला घेतलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. खरंखोटं कोर्टात तपासलंच गेलं नाही. खडसे राज्याचे महसूलमंत्री राहिलेले आहेत. त्यांची ही गत, तर जामनेर तालुक्यातल्या कापूस उत्पादकाने दाद मागायची कुठे? त्याला तर कळणारही नाही. फोन ऐकला होता हे नंतरसुद्धा सांगायचं बंधन आपल्या कायद्यात नाही.

बरं, हे बदलायची संधी आली नव्हती का? डिसेंबर २०२४ मध्ये टेलिग्राफच्या काळातले नियम जाऊन नवे नियम आले. त्यातही सचिवच आदेश काढणार, सचिवच तपासणार. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या कलम १७ नुसार केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला या कायद्यातूनच वगळू शकतं. कुलूप बसवलं आणि चौकट काढून नेली. हे सगळं २०१७ नंतरचं, हे लक्षात घ्या. त्या वर्षी २४ ऑगस्टला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं होतं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या नोकरीत आमच्या टीमकडे ग्राहकांचा खरा डेटाबेस उघडा होता. पासवर्ड एकच, सगळ्यांना माहीत, 'डीबगिंगसाठी'. एका रात्री एका सहकाऱ्याने त्यात आपल्या ओळखीतल्या एका मुलीचा पत्ता शोधला. गंमत म्हणून. मला दाखवला. तो काही वाईट माणूस नव्हता. कंटाळला होता आणि समोर सर्च बॉक्स होता. मी तक्रार केली नाही. त्या मुलीला आजही माहीत नाही. तेव्हापासून 'माहिती सुरक्षित आहे' हे वाक्य ऐकलं की मी एकच विचारतो: पासवर्ड किती जणांकडे आहे, आणि कुणी पाहिलं हे कोण पाहतं?

परवा आईच्या लाडकी बहीणच्या ई-केवायसीसाठी एका केंद्रावर गेलो होतो. बाईला तिचे पैसे मिळायला नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार लागतो आणि त्यावर येणारा ओटीपी. ही अट कुणाला सुचली कोण जाणे. रांगेत चाळीसेक बायका. केंद्रावरचा पोरगा मोठ्याने नंबर विचारत होता, बायका त्याहून मोठ्याने सांगत होत्या, आणि तो सगळं एका वहीत उतरवून घेत होता. "वहीत कशाला रे?" म्हटलं. "साइट बंद पडते दादा, रात्री भरतो." त्याचंही चूक नव्हतं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने 'आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका' असा इशारा काढला होता, आणि दोनच दिवसांत सरकारने तो मागे घेतला. कारण झेरॉक्स द्यायची नाही तर देशातलं एकही काम होणार नाही.

मला काय हवं, ते नानांना पुढच्या खेपेला सांगणार आहे. फोन ऐकायचा तर न्यायाधीशाची सही. तपास संपल्यावर त्या माणसाला लेखी कळवणं. निरोपांचे ठसे काढायचा नियम रद्द. आणि ज्याला आधार द्यायचा नाही त्याला दुसऱ्या कागदावर रेशन. यातलं एकही तंत्रज्ञानाला अवघड नाही. आणि ओरडून काही होत नाही, असंही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अ‍ॅप सक्तीने घालायचा आदेश गाजला, लोक भडकले, आणि ३ डिसेंबरला सरकारने सक्ती मागे घेतली.

आईची केवायसी त्या दिवशी झालीच नाही. साइट बंद पडली. संध्याकाळी त्या पोराचा फोन आला, "दादा, काकांच्या नंबरवर ओटीपी येईल, तेवढा सांगा." मी शेजारीच बसलो होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओटीपी सांगितला.