पाणी भरते ती, ठरवतो तो

आमच्या वस्तीत नळ पहाटे येतो. रांगेत कोण असते ते बघा. आई, सून, शाळेत जाणारी मुलगी. पण नळजोडणीचा अर्ज कोणाच्या नावाने करायचा, पाइप कुठून न्यायचा, वर्गणी किती काढायची, हे ठरवायला बसतात ते पुरुषच. ही वाटणी आम्हाला आरोग्याचा प्रश्न वाटते.

हिशेब साधा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १५ लिटरच्या हंड्याच्या दहा खेपा म्हणजे रोज १५० किलो ओझे. मान, कंबर, गुडघे जातात. गरोदर आणि ओल्या बाळंतिणीला तर हे धोक्याचेच. अंग बाहेर येण्याचा त्रास वाढतो. पाणी कमी पडले की बाई आधी स्वतःच्या पिण्यात काटकसर करते. संडास लांब म्हणून लघवी तुंबवते. मग लघवीला जळजळ, जंतुसंसर्ग.

नुकसान तिचे एकटीचे नाही. पाण्याला गटाराचा वास येतोय, हे भरणारीला सर्वांत आधी कळते. तिचे म्हणणे बैठकीत पोचत नाही आणि मग घरोघर जुलाब, कावीळ सुरू होते.

१९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले की, झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. बाहेर समता मागणारे आपण, घरातल्या हंड्यापाशी ती विसरायची का?

गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. वस्तीच्या समितीतही तसेच हवे. नुसते नाव नको. बैठक महिलांना जमेल त्या वेळी घ्या आणि नळाच्या अर्जावर तिचे नाव घाला.

काही जण म्हणतात, पुरुष दिवसभर राबून येतात. खरे आहे. पण धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी बाईही राबूनच येते. रविवारी पिंप रिकामे करून आतून घासणे, झाकण लावणे हे काम बाप-लेकांनी घ्यावे. साचल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो.

जो भरत नाही त्याला पाण्याची किंमत कळत नाही. बंधूंनो, उद्या पहाटे नळ येईल तेव्हा हंडा तुम्ही उचला. आणि संध्याकाळी बैठकीत तिला आधी बोलू द्या.