कशावरून?



यंदाचा अंक विश्वशास्त्राच्या वाचनाला वाहिला आहे. डॉ. जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ रोजी याच कोल्हापुरात जन्मले आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात आपल्यातून गेले. केंब्रिज गाजवलेल्या आणि ‘आयुका’ ही संशोधन संस्था उभी करणाऱ्या या शास्त्रज्ञाने मराठीत सोपे लिहिणे कधी कमी प्रतीचे मानले नाही.

‘गणित येत नाही, मग विश्वशास्त्राची पुस्तके वाचून आम्हाला काय कळणार?’ असे पुष्कळजण विचारतात. शिवाजी पेठेत कधी फुटबॉलला पाय न लावलेला माणूसही पंचाचा चुकलेला निर्णय नेमका दाखवतो, कारण त्याने खेळ मन लावून पाहिलेला असतो. वाचकानेही तसेच वाचावे. प्रत्येक विधानाला एकच प्रश्न करावा : कशावरून?

उदाहरणार्थ, कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात नोव्हेंबरातल्या किरणोत्सवात देवीच्या चरणी पोचणारा प्रकाश सूर्यावरून सुमारे आठ मिनिटांपूर्वी निघालेला असतो. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी. लांबचे पाहणे म्हणजे भूतकाळ पाहणे, एवढे पटले की पुढची वाट सुकर होते. जितकी दीर्घिका दूर, तितक्या वेगाने ती आणखी दूर जाते, हे खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी १९२९ मध्ये मांडले. पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले; ते १९६५ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर विश्वाची सुरुवात महास्फोटातून झाली, हे बहुतेकांनी मान्य केले. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात.

नारळीकरांना महास्फोटाचा सिद्धांत पटला नाही. हॉइल आणि बर्बिज या शास्त्रज्ञांसह त्यांनी १९९३ मध्ये पर्यायी सिद्धांत मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही, आणि पुराव्याचे पारडे आजही महास्फोटाकडेच झुकते. तरीही नारळीकर वाचायलाच हवेत. मोजमाप कुठे संपते आणि तर्क कुठे सुरू होतो, हे त्यांच्या मतभेदातून सामान्य वाचकालाही दिसते. छापले म्हणून खरे मानायचे नाही आणि कळत नाही म्हणून थोतांड ठरवायचे नाही, ही शिस्त अशा वाचनाने अंगी बाणते. ती आज चौकातल्या चर्चेलाही हवी आहे.

म्हणून आग्रहाची विनंती : या दिवाळीत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ घरी आणा. पेन्सिल घेऊन वाचा, मुलांनाही सोबत बसवा. मग महास्फोटाच्या बाजूचे एखादे पुस्तक करवीर नगर वाचन मंदिरात मागा, आणि दोन्ही ताडून पाहा.



— संपादक
शिवाजी पेठ, कोल्हापूर