छपरावरची कुत्री-मांजरं

छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरात इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेणाऱ्या एका शिक्षकांचा दावा आहे की, प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचारामागे एक घटना असते. ती रंगवून सांगितली की अर्थ मुलांच्या डोक्यात पक्का बसतो. गोष्ट खरी की खोटी, हा काथ्याकूट विद्वानांनी करावा, असं त्यांचं म्हणणं!

त्यांची लाडकी गोष्ट 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'ची. म्हणे, इंग्लंडात गवती छपरात कुत्री-मांजरं राहत आणि धो धो पावसात घसरून खाली पडत. ज्याने घर शाकारताना पाहिलं आहे, त्याला हे पटायचं नाही. गवताच्या पेंढ्या एकीवर एक दाबून बांधतात, उतार ठेवतात, तो पाणी ओघळून जावं म्हणूनच. त्यात उंदीर शिरेल, चिमणी घरटं करेल. कुत्रं तिथे चढणार कसं? आणि पावसात जनावर आडोसा शोधतं, उघड्या छपरावर जाऊन बसत नाही. ही थाप जगभर पसरली ती १९९९ मध्ये फिरलेल्या एका ई-मेलमुळे. वाक्प्रचार मात्र जुना आहे. १६५३ साली छापलेल्या रिचर्ड ब्रोमच्या नाटकात कुत्र्यांबरोबर पोलकॅट, म्हणजे मुंगसासारखं जनावर, बरसतं. मांजर-कुत्र्याची जोडी जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात आहे. दोघांच्याही ओळीत छपराचा पत्ता नाही.

'सेव्ह्ड बाय द बेल'चीही अशीच गोष्ट सांगतात: चुकून जिवंत पुरलेला माणूस शवपेटीतून घंटा वाजवून वाचला. पण या वाक्प्रचाराचा शवपेटीतल्या घंटेशी काही संबंध नाही; तो मुष्टियुद्धातून आला.

गोष्टीमुळे अर्थ लक्षात राहतो, हे खरं. पण त्याच गोष्टीबरोबर थापही जन्मभर लक्षात राहते, आणि ती गुरुजींनी सांगितलेली असते. गावांची नावं कशी पडली हे सांगतानाही हेच होतं: जुना लेख, जुनं रूप कुणी पाहायचं नाही, नावामागे एक राक्षस उभा केला की काम झालं.

'मुसळधार' म्हणताना आभाळातून मुसळं पडल्याची कथा आपल्याला लागत नाही. मुसळासारखी जाड धार, एवढ्यात चित्र उभं राहतं. जिथे घटना आहे, तिथे ती जरूर दाखवावी. 'तुघलकी कारभार' शिकवायचा तर दौलताबादचा किल्ला शहराजवळच आहे; महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी तिथे हलवली. 'ध चा मा' शिकवताना ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणरावांचा खून हा इतिहास म्हणून सांगावा, आणि आनंदीबाईंनी अक्षर बदलल्याची कथा आख्यायिका म्हणून. सातवीतल्या पोरालाही यातला फरक कळतो.